इंटरव्हलचे दिवे

उज्जैन, १५ सप्टेंबर २०२५

चि. ओंकार,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी कामाचं बोलते. फोनवर मोकळेपणी का बोलत नाहीस, असं तू मागच्या वेळी विचारलंस. आपलं घर दोन खोल्यांचं आहे बाळा, आणि तुझ्या बाबांचे कान अजून शाबूत आहेत. मी "हॅलो" म्हटलं की ते पेपर खाली ठेवतात. तुझं नाव घ्यायचं नाही, तुझ्याशी बोलायचं नाही, पण मी तुझ्याशी काय बोलते ते मात्र सगळं ऐकायचं असतं. मोबाइलवर लिहायला बसले तर एक ओळ होईपर्यंत भाजी करपते. म्हणून पत्र. फ्रीगंजच्या पोस्टातली मुलगी आता मला ओळखायला लागली आहे. म्हणाली, "आंटी, आजकल चिट्ठी कौन लिखता है?" मी म्हटलं, जिसके घर की दीवार पतली हो.

तर काम असं. काल टॉकीजमध्ये थोडी गडबड झाली. रविवारची मॅटिनी, गर्दी बरी होती, आणि नेमके दिलीपसेठचे इंदूरचे पाहुणे बाल्कनीत बसलेले. टॉकीजचा मालकच पाहुणे घेऊन बसलाय म्हटल्यावर सगळं कसं नीट व्हायला हवं. तर मध्येच लाइट गेली. लोकांनी शिट्ट्या मारल्या, खुर्च्या आपटल्या. अंधारात नुसता सिनेमाचा आवाज चाललेला, कोणी हिरोला शिव्या देतंय, कोणी सेठना. मशीनचा दिवा परत पेटायला बराच वेळ गेला. तुला माहीतच आहे, तो एकदा विझला की गार होईपर्यंत हात चोळत बसावं लागतं. तोवर अर्धं थेटर रिकामं झालं. पाहुणेही गेले.

संध्याकाळी दिलीपसेठनी बाबांना खाली बोलावलं आणि फार गोड बोलले. म्हणाले, मधुकरजी, कंपनीची नवी स्कीम आली आहे, थेटरात ऑपरेटर लागतच नाही, सगळं बंबईहून चालतं, आता तुम्ही आराम करा. कंपनी म्हणजे तुझीच. बाबा घरी येऊन जेवले, ताट धुतलं (ते कधीही ताट धूत नाहीत) आणि झोपायला गेले.

तू तिथे आहेस. कोणाच्या तरी कानावर घाल. सांग की कमलकुंज टॉकीजचं वायरिंग जुनं आहे, उंदीर आहेत, तिथे माणूस पाहिजेच. उंदीर खरंच आहेत.

तुला वाटेल, आईला आज अचानक काय झालं. अचानक काही नाही. दर शुक्रवारी हे भल्या सकाळी निघतात. नवा सिनेमा आदल्या दिवशीच येऊन मशीनमध्ये पडलेला असतो, पण तुमच्याकडून चावी आल्याशिवाय तो उघडत नाही. तीही फक्त त्याच एका मशीनला लागणारी आणि ठरलेल्या दिवसांपुरतीच. मग हे त्या मशीनसमोर स्टूल टाकून बसतात. चावी आली की मला फोन करतात आणि "आली" एवढंच म्हणून ठेवून देतात. ती कोणाच्या खात्यातून सुटते ते त्यांना पक्कं ठाऊक आहे. कधी उशीर झाला तर हेल्पलाइनचं गाणं कानाला लावून ताटकळत बसतील, पण तुझा नंबर लावणार नाहीत. मला मात्र दर शुक्रवारी त्या "आली" शब्दाचा आधार वाटतो. तू धडधाकट आहेस, कामावर गेला आहेस, एवढं तरी कळतं.

ते शुक्रवार गेले तर या घरात तुमच्या दोघांमध्ये काहीच उरणार नाही. म्हणून लिहिते आहे.

दिवाळीला येशील का, हे विचारत नाही. विचारलं असं समज.

अनेक आशीर्वाद.
आई


उज्जैन, २४ सप्टेंबर

ओंकार,

तुझा मेसेज वाचला. "आई, लाइट गेली असती तर आवाजही गेला असता."

माझ्याच पोटचा आहेस. मी काय लपवलं ते मी लिहिलं त्यातूनच काढलंस. बरं, आता खरं काय झालं ते सांगते. तुला यातलं निम्मं माहीत आहे, तरी मला सगळं लिहू दे, म्हणजे माझ्याच डोक्यात ते नीट लागेल.

पूर्वी वर ऑपरेटरच्या खोलीत दोन मशीन शेजारी शेजारी असायची. एकावर रीळ चालू, दुसऱ्यावर पुढचं चढवून तयार. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक गोल ठिपका चमकायचा, पापणी लवेपर्यंत गेला सुद्धा. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. थोड्या वेळानं पुन्हा ठिपका आला की एका हातानं चालू मशीनचं शटर बंद आणि दुसऱ्या हातानं पलीकडचं हँडल ओढून ते चालू. खाली बसलेल्याला काही कळता कामा नये. ज्याचं कळलं तो ऑपरेटर नव्हे, असं बाबा म्हणायचे. लग्नानंतर पहिल्यांदा मला इंदूरला सिनेमाला नेलं तेव्हा मी हिरोइन बघत होते आणि हे वरचा कोपरा. मी विचारलं, तिथे काय आहे? त्यांनी मला ठिपका दाखवला. त्यानंतर मलाही तो दर वेळी दिसायला लागला आणि माझे सगळे सिनेमे बिघडले ते बिघडलेच.

तुमचं नवीन मशीन आलं तेव्हा रिळंही गेली आणि ठिपकेही गेले. पण त्या रविवारच्या सिनेमात म्हाताऱ्या बापाच्या तरुणपणाची गोष्ट येते, आणि ती जुनी वाटावी म्हणून त्यांनी पडद्यावर मुद्दाम ओरखडे घातले आहेत, चित्र थरथरवलं आहे, आणि कोण्या हौशी मुलानं कोपऱ्यात दोन्ही ठिपकेसुद्धा ठेवले आहेत. गंमत म्हणून. सिनेमा शुक्रवारपासूनच चालू होता, पण ते दोन दिवस हे खालच्या पाण्याच्या पंपाच्या भानगडीत अडकले होते. तो भाग यांनी नीट बघितलाच नव्हता.

मी डबा घेऊन वर गेले होते. हे खिडकीपाशी उभे राहून काच पुसत होते. पहिला ठिपका मलाही दिसला. मी मनात म्हटलं, अरे वा, किती दिवसांनी. तेवढ्यात दुसरा आला आणि ह्यांचा डावा हात नव्या मशीनच्या बटणांवर गेला आणि शटर बंद, दिवा बंद. उजवा हात पलीकडे, कोपऱ्यात भेरूगढच्या छापाची चादर घालून ठेवलेल्या जुन्या मशीनवर. चादरीसकट त्यांनी त्याचं हँडल धरलं आणि ओढलं. पुन्हा ओढलं. खाली अंधार, आरडाओरडा, आणि हे त्या मेलेल्या मशीनचं हँडल ओढताहेत.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कुसुम, हे पेटत का नाहीये?"

दुसऱ्याच क्षणी त्यांच्या लक्षात आलं. ते मला त्यांच्या तोंडावर दिसलं आणि ते बघायला मी तिथे नसते तर बरं झालं असतं. स्टुलावर बसले. मॅनेजर धापा टाकत वर आला, तेव्हा मी पुढे होऊन म्हटलं, लाइट गेली. तो बिचारा डोक्यावर गरगर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत राहिला. म्हणजे खोटं पहिल्यांदा मीच बोलले, बाबांनी नाही. तेच मग तुलाही लिहिलं.

टॉकीजची पोरं म्हणतात, अंकल सठिया गए, म्हणजे साठीत डोकं फिरलं. सठियाले असते तर मी मान्य केलं असतं, मी काही आंधळी नाही. पण गल्लीतल्या प्रत्येक घराचं मीटर कोणाच्या नावावर आहे ते त्यांना पाठ आहे आणि माझ्याशी भांडताना लग्नातले मानपान आठवतात. डोकं ठिकाणावर आहे रे. हातच ऐकत नाहीत. ज्या हातांनी आयुष्यभर एकच गोष्ट केली, त्यांना कोणी सांगितलंच नाही की ती आता करायची नाही.

तुला तो दिवस आठवत असेल, तू कंपनीची माणसं घेऊन आला होतास. पहिलं मशीन खोलून खाली नेलंत. दुसरं जिन्याच्या वळणावर अडलं, म्हणून परत वर चढवून कोपऱ्यात ठेवून दिलंत. बाबा तुला म्हणाले, "तूच काढलंस, आता तूच चालव." त्यावर तू काहीतरी बोललास, ते काहीतरी बोलले, आणि तेव्हापासून दोघांच्याही तोंडाला कुलूप. मी मध्ये बसून दोघांना पोळ्या पाठवते, एकाला ताटात आणि एकाला कुरिअरनं.

कंपनीत सांग की मशीनमध्येच बिघाड झाला. तुझं ऐकतील. नवरात्र चालू आहे, घटासमोर बसून मी एवढंच मागते आहे, दुसरं काही नाही.

आई


उज्जैन, ३ ऑक्टोबर

ओंकार,

काल दसरा झाला. सोनं द्यायला प्रतिभावहिनी शेजारून आल्या होत्या, तू कसा आहेस विचारत होत्या. मजेत आहे म्हटलं.

तुझा निरोप मिळाला. दिलीपसेठनी नव्या स्कीमवर सह्या केल्या आहेत, ते खातं वेगळं, तुझं चाव्यांचं वेगळं, तू वरच्या साहेबांना विचारलंस, ते म्हणाले थेटरमालकाची मर्जी. "आई, माझ्या हातात नाही गं." कळलं. तुमच्या घराण्याचं हातांशी काहीतरी बिनसलं आहे. बापाचे हात ऐकत नाहीत, मुलाच्या हातात काही नाही, आणि माझे हात पोळ्या लाटतात.

रागावले नाही. रागावून करणार काय. मी स्वतः दिलीपसेठकडे जाऊन आले. त्यांनी चहा पाजला, पाया पडले, म्हणाले, भाभीजी, मधुकरजी हमारे घर के आदमी हैं, पण सिंहस्थ तोंडावर आलंय, सगळीकडे हॉटेलं उभी राहताहेत, थेटर चालतंय हेच नशीब समजा. मला वाद घालायचा होता. पण माणूस पाया पडला की वाद कसा घालायचा ते मला कोणी शिकवलं नाही.

खंडेनवमीला बाबा नेहमीप्रमाणे टॉकीजमध्ये पूजा करायला गेले. तू लहानपणी हट्टानं बरोबर जायचास. चादर काढून जुन्या मशीनला तेलपाणी करतात, हळदकुंकू, झेंडूची माळ. नव्याला आजवर त्यांनी कधी फूल वाहिलं नव्हतं, म्हणायचे, हा टीव्ही आहे, टीव्हीची कसली पूजा. परवा मीही बरोबर गेले होते. माळ घालून झाल्यावर एक झेंडू उरला होता. तो हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले, मग नव्या मशीनवर ठेवला. मला म्हणाले, याची काय चूक. बस्स, एवढंच.

आज कंपनीचा मुलगा आला होता इंदूरहून, मुंबईहून मशीन चालवायची नवी पेटी बसवायला. आल्हाद त्याचं नाव, आपल्यातलाच आहे, गोड मुलगा. तो कामाला लागल्यावर मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, मुंबईला बसून बटण दाबणार कोण? मला वाटलं, तुझ्या ओळखीचा कोणी असेल तर त्याला सांगता येईल, जरा सांभाळून घे म्हणून. तो म्हणाला, "काकू, कोणीच नाही. आठवड्याचं वेळापत्रक एकदा भरून ठेवतात. मशीन आपलं आपण दिवा लावतं, जाहिराती, सिनेमा, इंटरव्हल, थेटरातले दिवे, सगळं. काही बिघडलं तर तिकडे एक लाल खूण येते, तेव्हा कोणीतरी उठून बघतं."

मी त्याला पुन्हा विचारलं, म्हणजे सिनेमा सुरू होतो तेव्हा कुठेच कोणी नसतं? तो म्हणाला, नसतं काकू.

हे मी बाबांना सांगितलेलं नाही. कसं सांगू ते सुचलं तर तू कळव.

आई


उज्जैन, १८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

ओंकार,

बरोबर पुडकं आहे. चकल्या मोडल्या असतील तर पोस्टाची चूक. चकल्यांच्या खाली प्लॅस्टिकमध्ये एक पिवळं फडकं आहे. ते धुऊ नकोस. टाकूही नकोस. आधी वाच.

परवा गुरुवारी बाबांचा शेवटचा दिवस होता. आल्हाद पुन्हा आला होता, पेटी चालू करून द्यायला. शेवटचा शो सुटला, पोरांनी बाबांना हार घातला, दिलीपसेठनी शाल दिली. सगळे खाली गेले, आणि हे खाली येईनात. मी वर गेले. हे स्टुलावर बसलेले, आल्हाद पाठीला बॅग लावून उभा, त्याला इंदूरची बस गाठायची होती.

तू ऑपरेटरच्या घरात वाढलास, तुला माहीत आहे. चार्ज दिल्याशिवाय ऑपरेटर खोलीतून उतरत नाही. पुढचा माणूस येतो, मशीनला हात लावतो, जाणारा त्याच्या हातात पुसायचं फडकं देतो, मगच जिना उतरायचा. तुझा जन्म झाला त्या दिवशी दुसरा ऑपरेटर आलाच नाही, म्हणून बाबा दवाखान्यात उशिरा पोचले. मी ते त्यांना कितीदा ऐकवलं आहे. त्यांचं उत्तर ठरलेलं, चार्ज कोणाला देऊन येणार होतो?

तेच त्यांनी आल्हादला विचारलं. "चार्ज कोणाला देऊ?"

आल्हाद म्हणाला, "काका, आता सगळं मुंबईहून चालणार."

"मुंबईहून कोण?"

त्या मुलानं माझ्याकडे बघितलं. मी या माणसाबरोबर संसार केला आहे, मला माहीत होतं की नाव मिळाल्याशिवाय हे तिथून उठणार नाहीत. रात्रभर बसले असते, आणि सकाळी पोरांना हसायला आणखी कारण मिळालं असतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "ओंकार आहे ना तिथे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग आल्हादकडे. आल्हाद खरं सांगणार असं मला वाटलं, पण त्यानं मान खाली घातली. बाबा उठले. नव्या मशीनची काच पुसली, कोपऱ्यात जाऊन जुन्यावरची चादर नीट केली, फडक्याची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, "त्याला पाठव. आणि सांग, लेन्सला याशिवाय दुसरं काही लावायचं नाही." आणि स्वतःहून जिना उतरले. कोणी धरायला लागलं नाही.

ऑटोत टॉवर चौक गेल्यावर म्हणाले, "मीच म्हणालो होतो त्याला, आता तूच चालव." आणि बाळा, तुझं नाव काढताना जो आवाज चढायचा तो चढला नाही.

घरी पोचलं की खरं सांगायचं, असं मी ठरवलं होतं. घरी पोचल्यावर त्यांनी विचारलं, चकल्यांची भाजणी केलीस का, त्याला आवडतात. मग मी भाजणी करत बसले.

फडकं जपून ठेव. तुमच्या तिथे लेन्स कुठली असणार, मला कळतं. तरी ठेव.

आई


उज्जैन, ३ नोव्हेंबर

ओंकार,

दिवाळीला तू आला नाहीस. सणाला नवे सिनेमे, चाव्यांचं काम, सुट्टी नाही. बाबा म्हणाले, बरोबर आहे, सणाच्या दिवशी ऑपरेटर घरी कसा येईल. त्यांनी तुझी बाजू घेतलेली मी प्रथमच ऐकली आणि मला रडू आलं, तर म्हणतात, कांदा आहे का?

आता इथलं ऐक. दर शुक्रवारी आम्ही दोघं पहिल्या शोला जातो. दिलीपसेठनी सांगून ठेवलं आहे की यांना तिकीट मागायचं नाही, पण हे खिडकीवर रांगेत उभे राहून तिकीट काढतात. बसायचं मागे, खोलीच्या खिडकीच्या बरोबर खाली. सिनेमा सुरू झाला की म्हणतात, वेळेवर लावला. चित्र चौकटीत बसलं की माझ्या कोपराला हात लावतात, बघ, फ्रेम बरोबर आहे. सिनेमा संपला की बाहेर पडायच्या आधी मागे वळून वरच्या खिडकीकडे हात करतात. ऑपरेटर एकमेकांना करतात तसा. वर चादर घातलेल्या मशीनशिवाय कोणी नाही.

तुझा मेसेज आला की बाबांना खरं सांग, हे बरं नाही, उद्या बाहेरून कळलं तर जास्त लागेल. तो मी पुसून टाकला. खरं सांगायला मलाही येतं, शहाण्या. पण मी त्यांना सांगायचं काय? की वर कोणी नाही, मुंबईला कोणी नाही, तुम्ही फडकं कोणालाच दिलं नाही? हे सांगून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं तर मी कुठे बघू? तू येऊन सांग. तुझ्या तोंडून ऐकतील. तोपर्यंत माझ्यावर सोड, बरंवाईट माझं.

आणि आता हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते. बाबांनी तुला निरोप दिला आहे. त्यांनी, स्वतः. इतक्या वर्षांत पहिला. मी वही घेऊन बसले आणि त्यांनी सांगितलं तसं लिहिलं, तसंच उतरवते:

"ओंकारला सांग, काम चांगलं करतोय. पण इंटरव्हलला दिवे एकदम लावू नकोस. अंधारात बसलेल्या माणसाचे डोळे दिपतात, बायकांच्या मांडीवर लेकरं झोपलेली असतात ती दचकून उठतात. चाक हळू फिरवायचं. आधी भिंतीचे, मग मधले."

ते खरं आहे. पूर्वी भिंतीवर एक लोखंडी चाक होतं, ते फिरवत दिवे हळूहळू वर आणायचे. सकाळ होते तसं थेटर उजळायचं. लोकांना वाटायचं आपलं आपण होतं. आता भक्कन लागतात आणि शेजारचा माणूस नाकात बोट घालून बसलेला दिसतो.

तुला जमेल का रे? एवढंच एक. मला सगळं थेटर नको, नोकरी नको, काही नको. एका शुक्रवारी इंटरव्हलचे दिवे जरा हळू लागले तर त्यांना वाटेल तू ऐकलंस. तुमच्याकडे मोठी मोठी माणसं आहेत, मुंबईहून उज्जैनचं मशीन चालवता. एक दिवा हळू लावता येत नाही असं कसं होईल?

वाट बघते.

आई


उज्जैन, २२ नोव्हेंबर

ओंकार,

तू लांबलचक लिहिलंस, पहिल्यांदा एवढं लिहिलंस, ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्या चाकाच्या तारा आल्हादनं काढून टाकल्या आहेत. नव्या पेटीला दिवे लागलेले कळतात आणि विझलेले कळतात, मधलं काही कळत नाही. हळू लावायचे तर वेगळं यंत्र लागेल, ते मालकानं मागायला हवं. तू दिलीपसेठना फोन केलास, ते हो हो म्हणाले. त्यांचं हो हो मला माहीत आहे. तू आल्हादलाही विचारलंस. तू तुझ्याकडून केलंस, बाळा. मला दिसतं आहे. उगीच जिवाला लावून घेऊ नकोस.

पण हे कालच्या शुक्रवारच्या आत बाबांना सांगायचं मला जमलं नाही. निरोप पोचला का, विचारत होते. पोचला म्हटलं. काय म्हणाला? बघतो म्हणाला.

काल त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. थेटरात बसलो. सिनेमा काय होता मला विचारू नकोस, मी घड्याळ बघत होते आणि देवाला म्हणत होते की आज खरंच लाइट जाऊ दे. गेली नाही. हिरो दरीत लोंबकळला, बाजा वाढला, आणि मला कळलं की आता इंटरव्हल. बाबांना माझ्या आधी कळलं असणार. त्यांनी एक हात उचलला आणि माझ्या डोळ्यांवर धरला.

दिवे भक्कन लागले. त्यांच्या बोटांच्या फटींतून मला लाल लाल दिसलं. पुढे कुठेतरी एक लेकरू रडायला लागलं. त्यांनी हात काढला नाही. हळूहळू, एकेक बोट करत वर नेला, चाक फिरवायचे तसा, आणि माझ्यापुरतं थेटर सावकाश उजळलं. त्यांचे स्वतःचे डोळे दिपलेले होते, पाणी आलं होतं, ते पुसत होते.

मी म्हटलं, अहो, त्यानं प्रयत्न केला असेल.

ते वरच्या खिडकीकडे बघत म्हणाले, "केला असेल. जमेल त्याला. मला काय पहिल्या दिवशी जमलं होतं?"

पुढच्या शुक्रवारची तिकिटं त्यांनी येतानाच काढून ठेवली आहेत. तू कधी येतोस ते कळव. आशीर्वाद.

आई